सगळ्यावर चालणारी ट्यूब

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझ्या भाच्याच्या नाकाखाली दोन पुळ्या आल्या. वय वर्षं पाच. दोन दिवसांत त्या फुटल्या, लस आली आणि वर मधासारखी पिवळट खपली धरली. ताई कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेली. दुकानदाराने मोबाईलवरचा फोटो पाहिला, मागच्या फळीवरून एक ट्यूब काढली आणि म्हणाला, "हे लावा ताई, सगळ्यावर चालतं." त्याने चिठ्ठी मागितली नाही आणि ताईला ती द्यायचीही नव्हती. खरं सांगायचं तर मी गेलो असतो तर मीही तेच केलं असतं.

चार दिवस बरं वाटलं. मग पुन्हा पुळ्या. मग हनुवटीवर, मग धाकटीच्या कानामागे. एक ट्यूब संपली, दुसरी आणली. दीड महिन्याने त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पोराकडे पाहायच्या आधी ट्यूब मागितली. तिच्यावरची बारीक अक्षरं वाचून दाखवली: एक स्टेरॉइड, एक अँटिबायोटिक, एक बुरशीचं औषध. "अहो, याला बुरशी झालेलीच नाही. स्टेरॉइडने लाली दबली, म्हणून तुम्हाला बरं वाटलं." लस लॅबला पाठवली. रिपोर्ट आला तो असा, की जंतू त्या ट्यूबमधल्या अँटिबायोटिकला दाद देत नाही.

पोरगा बरा झाला, काळजी नको. पण त्या रिपोर्टने माझी झोप उडवली. पाच वर्षांच्या मुलाच्या नाकाखाली असा जंतू आला कुठून? म्हणून वाचायला लागलो. मी डॉक्टर नाही, इतिहासाची आवड असलेला माणूस आहे. पण हा विषय जितका डॉक्टरांचा, तितकाच इतिहासाचा निघाला. पोस्ट लांब आहे. घरात लहान मूल असेल तर मात्र वाचाच.

पेनिसिलिन म्हटलं की आपल्याला सुई आठवते. पण ते माणसावर पहिल्यांदा वापरलं गेलं ते वरून लावायला. फ्लेमिंगला १९२८ मध्ये बुरशी सापडली. जानेवारी १९२९ मध्ये त्याने बुरशीचं ते पाणी आपल्याच सहायकाच्या नाकाजवळच्या जंतुसंसर्गावर वापरून पाहिलं. फार काही घडलं नाही. पुढच्या वर्षी इंग्लंडमधल्या शेफील्डला सेसिल पेन नावाच्या डॉक्टरने तेच पाणी दाढीच्या केसांच्या मुळाशी पू धरणाऱ्या रोगावर लावलं. तिथेही अपयश. मग त्याने नवजात बाळांच्या चिकटलेल्या, पू आलेल्या डोळ्यांत ते घातलं आणि डोळे साफ झाले. पेनने हे कुठे छापलं नाही, पुढे तो दुसऱ्या विषयाकडे वळला. नाहीतर इतिहासात त्याचं नाव मोठ्या अक्षरांत आलं असतं.

या छोट्या गोष्टीत पुढची सगळी मेख आहे. एकच औषध, डोळ्यावर चाललं, दाढीवर नाही. केसाच्या मुळाशी खोल बसलेल्या पूपर्यंत वरून लावलेलं औषध पोचतच नाही. म्हणजे 'सगळ्यावर चालतं' हे वाक्य १९३० सालीच खोटं ठरलं होतं.

मग महायुद्ध आलं. अमेरिकन सैनिकांना प्रथमोपचाराच्या पाकिटात सल्फाची पूड मिळायची, जखम झाली की वर भुरभुरायची. १९४३ मध्ये फ्लोरी आणि केर्न्स उत्तर आफ्रिकेत गेले आणि तिथल्या जखमी सैनिकांवर पेनिसिलिन वापरून पाहिलं. तेव्हा पेनिसिलिन इतकं दुर्मिळ होतं, की ते सगळ्या शरीरात सोडण्यापेक्षा थेट जखमेत घालणं परवडायचं. युद्ध संपलं, उत्पादन वाढलं आणि पेनिसिलिनची मलमं आली. लोकांनी ती हौसेने फासली.

दोन गोष्टी घडल्या. पहिली, ॲलर्जी. आपली कातडी म्हणजे नुसतं वेष्टन नाही, ती शरीराची चौकी आहे. तिथे नवा पदार्थ दिसला की शरीर त्याची नोंद ठेवतं. मलम लावून ज्यांच्या अंगाला पेनिसिलिनची ॲलर्जी जडली, त्यांना पुढे जीव वाचवायला पेनिसिलिनची सुई द्यायची वेळ आली तर ती देणं धोक्याचं झालं. किरकोळ पुळीसाठी मोठं औषध हातचं गेलं. सल्फाच्या पुडीचंही तेच झालं.

दुसरी गोष्ट, जंतू शिकले. लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये मेरी बार्बर या डॉक्टरबाईंनी मोजणी केली. 'स्टॅफिलोकॉकस ऑरियस' हा पुळ्या, गळवं, केसतोडे यांच्या मागचा मुख्य जंतू. १९४६ मध्ये त्यातले सुमारे १४ टक्के पेनिसिलिनला दाद देत नव्हते. १९४७ मध्ये ३८ टक्के. १९४८ मध्ये ५९ टक्के. फक्त दोन वर्षांत! यात सुई, मलम, फवारा सगळ्याच वापराचा वाटा होता. फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल भाषणात नेमका हाच इशारा दिला होता: उद्या हे औषध कोणालाही दुकानात मिळेल, लोक ते अपुरं घेतील आणि जंतूंना शिकवून तयार करतील.

यावर डॉक्टरांनी एक शहाणपणाचा नियम काढला. कातडीवर तेच औषध लावायचं, जे पोटात किंवा सुईने द्यायची गरज पडत नाही. म्हणजे बिघडलं तरी मोठं नुकसान नाही. या नियमातून जी औषधं पुढे आली त्यांची नावं तुमच्या घरातल्या डब्यात आजही सापडतील.

बॅसिट्रॅसिनची गोष्ट मला फार आवडते. १९४३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलात सात वर्षांच्या मुलीच्या मोडलेल्या पायाच्या जखमेतून घेतलेल्या नमुन्यात एक निरुपद्रवी जंतू दिसला, जो बाकीच्या वाईट जंतूंना वाढू देत नव्हता. त्या जंतूपासून औषध झालं. मुलीचं आडनाव ट्रेसी, म्हणून औषधाचं नाव बॅसिट्रॅसिन. सुईने दिलं तर ते मूत्रपिंडाला इजा करतं, म्हणून मलमात राहिलं. १९४९ मध्ये वॉक्समन आणि लेशव्हालिए यांनी निओमायसिन शोधलं. तेही अंगात घातलं तर कान आणि मूत्रपिंडाला घातक, म्हणून मलमात आणि पावडरीत. आणि आपलं सोफ्रामायसिन? मराठी घरांत ते कंपनीचं नाव राहिलेलं नाही, तो 'मलम' या शब्दाचा पर्याय झालाय. त्यातलं फ्रामायसेटिन हे निओमायसिनचं सख्खं भावंड. एकाची ॲलर्जी असेल तर दुसऱ्याचीही होण्याची शक्यता मोठी.

याच काळात आपल्या पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९५४ मध्ये स्थापना, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची मदत, १९५५ मध्ये पेनिसिलिनचं उत्पादन सुरू. पिंपरी-चिंचवडकरांना 'एच. ए.' म्हटलं की वेगळं सांगावं लागत नाही. तिथल्याच संशोधकांनी १९६१ च्या सुमाराला बुरशीवरचं एक औषध मातीतल्या जंतूपासून काढलं, त्याचं नाव हॅमायसिन. त्यातलं 'ह' आणि 'अ' कंपनीच्या नावातलं. अँटिबायोटिक म्हणजे देशाची संपत्ती, ती काटकसरीने वापरायची, असं वाटणारी ती पिढी होती. पेनिसिलिनची कुपी मिळवायला लोकांनी किती खटपटी केल्या, हे घरातल्या सत्तरीपुढच्या कोणालाही विचारा.

आता मुख्य कथा. ती न्यूझीलंडची आहे, पण वाचताना आपल्या गल्लीतलं मेडिकल डोळ्यांपुढे येईल.

१९७१ मध्ये इंग्लंडच्या बीचम कंपनीतल्या संशोधकांनी एका जंतूपासून नवं औषध वेगळं केलं. पुढे त्याला म्युपिरोसिन नाव मिळालं. हे औषध जंतूला एक विशिष्ट अमिनो आम्ल वापरू देत नाही, त्यामुळे त्याची प्रथिनं बनणंच थांबतं. दुसरी कुठलीच औषधं त्या जागी घाव घालत नसल्यामुळे जुन्या औषधांना सरावलेले जंतूही यापुढे गारद व्हायचे. रक्तात गेलं की ते लगेच निकामी होतं, म्हणून फक्त वरून लावायचं. म्हणजे आधीच्या नियमात अगदी चपखल बसणारं औषध. १९८५ मध्ये ते इंग्लंडमध्ये बाजारात आलं.

शिवाय ते तीव्र होतं. दोन टक्क्यांच्या मलमात एका ग्रॅममागे २० हजार मायक्रोग्रॅम औषध. साध्या स्टॅफला मारायला एक मायक्रोग्रॅमही पुरतो. त्यामुळे 'एवढ्या माऱ्यापुढे जंतू शिकणार कधी?' असं अनेकांना वाटलं. न्यूझीलंडने १९९१ मध्ये ते चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी दिली. हेतू वाईट नव्हता. त्या देशात मुलांना पुळ्या-खपल्यांचा त्रास फार, त्यातही माओरी आणि पॅसिफिक बेटांवरून आलेल्या गरीब वस्त्यांमधल्या मुलांना जास्त. डॉक्टरची फी वाचावी, औषध पटकन मिळावं, एवढंच.

नऊ वर्षं ते तसं विकलं गेलं. १९९९ मध्ये तिथल्या स्टॅफ जंतूंपैकी २८ टक्के म्युपिरोसिनला दाद देईनासे झाले होते. २००० मध्ये सरकारने ते पुन्हा चिठ्ठीवर आणलं.

एवढा मारा असूनही जंतू शिकले कसे? उत्तर समजलं तेव्हा मला आपण मलम लावतो ती पद्धतच आठवली. जखमेच्या मधोमध औषध भरपूर असतं, पण कडेला पातळ होत जातं. चार दिवस लावून सोडून दिलं, आठवड्याने पुन्हा लावलं, की ते अर्धवट राहतं. शिवाय कातडीवर निरुपद्रवी जंतूंची मोठी वस्ती असते. आधी ते शिकतात आणि मग आपल्याकडचं 'ज्ञान' एका छोट्या वर्तुळाकार जनुक-तुकड्याच्या रूपाने शेजारच्या वाईट जंतूला देऊन टाकतात. एकाने सोडवलेला पेपर वर्गभर फिरावा तसं. आणि पुळ्या असलेलं मूल शाळेत जातं, टॉवेल वाटून घेतं, भावंडांत झोपतं. भाच्याच्या नाकाखाली तो जंतू कुठून आला, या माझ्या प्रश्नाचं उत्तर इथे होतं. त्याने स्वतः पूर्वी औषध घेतलेलं असायची गरजच नव्हती. ते आपण सगळ्यांनी मिळून लावलेलं होतं.

न्यूझीलंडची कथा इथे संपली असती तर सुखान्त म्हणता आला असता. कारण २०१३ पर्यंत म्युपिरोसिनला न जुमानणाऱ्या जंतूंचं प्रमाण २८ वरून ११ टक्क्यांवर आलं. पण म्युपिरोसिन अवघड झाल्यावर लिहिणाऱ्यांचे हात दुसऱ्या ट्यूबकडे वळले: फ्युसिडिक ॲसिड. डेन्मार्कच्या लिओ कंपनीने १९६२ मध्ये आणलेलं औषध. ते लावायचंही आहे आणि हाडातल्या जंतुसंसर्गासाठी पोटात घ्यायचंही, म्हणजे तो जुना नियम इथे मोडला. परिणाम? त्याच काळात फ्युसिडिक ॲसिडला न जुमानणारे जंतू १७ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर गेले. आणि काही जंतूंत या औषधापासून बचाव करणारं जनुक मेथिसिलिनपासून बचाव करणाऱ्या जनुकाला चिकटूनच बसलेलं सापडलं. याचा अर्थ असा, की एका मलमाच्या अतिवापराने हॉस्पिटलांना नको असलेला, एमआरएसए म्हणतात तो जंतूही पोसला जाऊ शकतो. नॉर्वे-स्वीडनमध्येही २००० च्या आसपास मुलांमध्ये पुळ्यांची अशीच लाट आली होती. मागे फ्युसिडिक ॲसिडला सरावलेला एकच वाण.

उलट उदाहरणही आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात म्युपिरोसिनला दाद न देणारे एमआरएसए वाढले, तेव्हा तिथे वापराचे नियम कडक केले. चार-पाच वर्षांत ते प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आलं. आपण सांभाळून वागलो तर गेलेलं औषध परत मिळू शकतं, हे मला या सगळ्या वाचनातलं सर्वात आशादायक वाटलं.

कोणी म्हणेल, पुळीचं मलम गेलं तर गेलं, एवढं काय? २०१० मध्ये नेदरलँड्समधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हॉस्पिटलात दाखल झालेल्या ज्या रुग्णांच्या नाकात स्टॅफ होता, त्यांतल्या काहींच्या नाकात म्युपिरोसिन लावलं आणि अंग जंतुनाशक साबणाने धुतलं. हॉस्पिटलात होणारा स्टॅफचा संसर्ग त्यांच्यात ३.४ टक्के, न लावलेल्यांत ७.७ टक्के. म्हणजे निम्म्याहून कमी. उद्या आईचा गुडघा बदलायचा असेल, वडिलांची बायपास असेल, तेव्हा हेच मलम कामाला येतं. ते आज डास चावल्यावर फासून आपण कशासाठी घालवायचं?

आता आपल्याकडे या.

अँटिबायोटिकच्या बेबंद विक्रीला आळा घालायला केंद्राने 'एच-वन' नावाची यादी केली, १ मार्च २०१४ पासून लागू. ४६ औषधं. दुकानदाराने रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव वेगळ्या वहीत लिहायचं, वही तीन वर्षं जपायची. चांगला नियम. पण त्या यादीखालची टीप वाचा. डोळा, कान, नाक यांची औषधं सोडून बाकीची वरून लावायची औषधं तिच्यातून वगळली आहेत. म्हणजे गोळी असेल तर वही, मलम असेल तर माफ. १९९१ च्या न्यूझीलंडमध्येही हाच समज होता: वरून लावायचं, त्यात काय एवढं!

स्टेरॉइडच्या मलमांबाबतही असाच अपवाद होता. गोरं व्हायला, नायट्याला, खाजेला लोकांनी ती फासली, चेहरे बिघडले, साध्या गोळ्यांना न जुमानणारा नायटा घराघरांत पसरला. त्वचारोगतज्ज्ञांची संघटना अनेक वर्षं ओरडत होती. शेवटी २३ मार्च २०१८ ला केंद्राने १४ स्टेरॉइडांच्या मलमांना चिठ्ठी सक्तीची केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यात स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र कोंबलेली मलमंही होती. म्हणजे इच्छा असली की अपवाद काढता येतो. पण कागदावर आलेलं दुकानाच्या काउंटरपर्यंत पोचलंय का, हे आमच्या ताईला विचारा.

दुकानदाराला शिव्या देऊन मोकळं व्हावं असं मला वाटत नाही. त्वचेचा डॉक्टर तालुक्याला मिळत नाही, मिळाला तर फी आणि दिवसाची मजुरी दोन्ही जातात. चाळीस-पन्नास रुपयांची ट्यूब हाच गरिबाचा दवाखाना आहे. न्यूझीलंडच्या सरकारलाही हेच वाटलं होतं, आणि तिथेही किंमत शेवटी गरीब वस्तीतल्या मुलांनीच मोजली. म्हणून नुसती बंदी पुरणार नाही, पर्यायही पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्रात पुळ्या-खपल्यांचं साधं, योग्य औषध आणि ते कसं लावायचं सांगणारी नर्स असली तरी निम्मं काम होईल. आणि अन्न व औषध प्रशासनाने या मलमांच्या विक्रीकडे गोळ्यांइतकंच लक्ष द्यावं, ही मागणी आपण लोकप्रतिनिधींकडे करायला हवी.

तोपर्यंत घरात काय करायचं? डॉक्टरांकडून समजून घेतलेलं आणि वाचलेलं थोडक्यात:

• स्वच्छ खरचटणं, लहान कापणं: साबण-पाण्याने धुवा, झाका. अँटिबायोटिक लागतच नाही. १९९६ मध्ये अमेरिकेत ९२२ रुग्णांच्या छोट्या शस्त्रक्रियांच्या जखमांवर निम्म्यांना बॅसिट्रॅसिन, निम्म्यांना साधं पेट्रोलियम जेली लावून पाहिलं. जंतुसंसर्ग दोन्हीकडे अगदी कमी, म्हणण्यासारखा फरक नाही. ॲलर्जी मात्र फक्त बॅसिट्रॅसिनवाल्यांत.

• गळू: वरून मलम फासून उपयोग नाही, औषध आत पोचत नाही. पू निघावा लागतो, तोही डॉक्टरांच्या हातून. घरी दाबू नका.

• गोल, कडेला लाल, खाजणारा नायटा: ती बुरशी आहे. अँटिबायोटिकचा संबंध नाही, आणि स्टेरॉइड तर विषच.

• थोड्या जागेतल्या, वरवरच्या, पिवळी खपली धरणाऱ्या पुळ्या: इथे अँटिबायोटिक मलमाचं खरं काम आहे, पण डॉक्टरांनी पाहून. खपली कोमट पाण्याने हळू भिजवून काढायची, मग लावायचं, सांगितलेले दिवस पूर्ण, सहसा पाच. इंग्लंडमध्ये तर २०२० पासून अशा थोड्या पुळ्यांना आधी हायड्रोजन पेरॉक्साइडचं क्रीम सुचवतात, अँटिबायोटिक त्यानंतर. मुलाचा टॉवेल वेगळा, नखं कापलेली.

• ताप, पसरणारी लाली, खूप दुखणं, पुळ्या अंगभर, तान्हं बाळ, घरात मधुमेही: ट्यूबचा विचारच नको, लगेच डॉक्टर. पुळ्या बऱ्या झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत मुलाचा चेहरा सुजला किंवा लघवी लालसर झाली तरी लगेच दाखवा, काही वेळा मूत्रपिंडाला सूज येते.

• उरलेली ट्यूब पुढच्या वेळेसाठी ठेवू नका, शेजारणीला तर देऊच नका. आपल्याकडे शेजारधर्मात विरजणासारखी ट्यूबही फिरते.

आज एक काम करा. घरातला औषधाचा डबा उघडा आणि प्रत्येक ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. किती ट्यूबांत अँटिबायोटिक आहे आणि त्यातल्या किती डॉक्टरांनी लिहून दिल्या होत्या, ते कमेंटमध्ये सांगा. आमच्याकडे पाच निघाल्या. चिठ्ठीवरची एक.